चालू होताच पुन्हा बंद होणारा संगणक : कारणशोधाचा एक पाठ

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आम्ही अभियंते नाही. आमचे शिक्षण इतिहासाचे आणि आयुष्य खडू-फळ्यात गेलेले. तथापि आपल्या हाती असलेल्या या स्मरणिकेतील बरीच पाने छापली जाण्यापूर्वीच कायमची नाहीशी होणार होती, आणि ती वाचली ती एका बिघाडाचे कारण धीराने शोधल्यामुळे. तो शोध कसा लागला हे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना सांगावे, कारण आज घरोघरी संगणक आहे आणि त्यात घराचा अर्धा इतिहास साठवलेला आहे.

१. घटना

काही वर्षांपूर्वी आम्ही आपल्या वसतिगृहाच्या आरंभीच्या दिवसांविषयी वृद्ध मंडळींच्या मुलाखती घेण्याचे काम हाती घेतले. पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी, त्यांना पायी चालत आणून सोडणारे वडील, वसतिगृहात भाकरी थापणाऱ्या मावशी, अशा सदतीस जणांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. काहींचे टंकलेखन झाले होते, काहींचे व्हायचे होते. हे सारे आमच्या घरच्या जुन्या, सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकात होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ही चूक सर्वस्वी आमची होती, हे आरंभीच कबूल करतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब परगावी गेलो. निघताना घरातील मुख्य बटण बंद केले. दीड महिन्याने, जूनमध्ये परतलो आणि संध्याकाळी संगणक सुरू केला. पंखा फिरला, विंडोजचे चिन्ह उमटले, क्षणभर निळा पडदा चमकला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. पुन्हा चिन्ह, पुन्हा निळी चमक, पुन्हा आरंभ. पंधरा मिनिटे हेच चक्र चालले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दाखवला. तेथील कारागिराने दोन मिनिटे पाहून सांगितले, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल. संध्याकाळी घेऊन जा." आतील मजकुराचे काय, असे विचारता तो म्हणाला, "तो जाणारच." आम्ही संगणक उचलला आणि घरी आणला. त्या मुलाखतींपैकी चार माणसे तोवर निवर्तली होती. त्यांना पुन्हा विचारता येणार नव्हते.

२. पहिला नियम : आधी नोंद, मग उपाय

रात्री आम्ही आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, पडद्यावर नेमकं काय दिसतं? तुम्हाला काय वाटतं ते नको, जे दिसतं ते जसंच्या तसं लिहून घ्या." आम्ही ओशाळलो. साधन आधी वाचावे, अर्थ नंतर लावावा, हे त्याला नववीच्या वर्गात आम्हीच शिकवले होते.

त्याने तीन गोष्टी बजावल्या. एक, संगणक पुनःपुन्हा सुरू करून पाहू नये. साठवण-तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, जर मरणपंथाला लागली असेल तर प्रत्येक प्रयत्न तिचे आयुष्य कमी करतो. दोन, मजकुराची प्रत हाती येईपर्यंत फॉरमॅट हा शब्द उच्चारू नये. तीन, बिघाडाच्या आधी काय बदलले ते आठवून लिहावे : नवा भाग, नवा प्रोग्राम, वीज जाणे, हलवाहलव, दीर्घ काळ बंद राहणे. आम्ही वहीत पहिल्या दिवसापासूनचा क्रम लिहून काढला. त्यात एक ओळ अशी होती : "पहिल्या वेळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या. न वाचता एफ-२ दाबले." त्या ओळीचे महत्त्व तेव्हा आम्हांस कळले नाही.

३. संगणक कोणत्या टप्प्यावर अडतो?

एकच लक्षण अनेक कारणांनी उद्भवते. म्हणून प्रथम टप्पा ओळखावा.

पहिला टप्पा बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह येईपर्यंतचा. या वेळात संगणक केवळ आपले अवयव तपासत असतो, विंडोज अद्याप जागेच झालेले नसते. येथेच तो बंद पडत असेल तर दोष वीजपुरवठा, स्मृतिपट्टी, मदरबोर्ड किंवा अडकून बसलेले बटण यांत शोधावा. अशा वेळी विंडोज पुन्हा भरून काहीही साधत नाही.

दुसरा टप्पा चिन्ह उमटल्यापासून मुख्य पडदा येईपर्यंतचा. येथे अडल्यास तबकडी, तिच्यावरील विंडोजच्या फाइली, अथवा एखाद्या भागाला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम संशयित ठरतो.

तिसरा टप्पा मुख्य पडदा आल्यानंतरचा. काही मिनिटे चालून बंद पडत असेल तर उष्णता, दुबळा वीजपुरवठा, आरंभीच आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्राम किंवा व्हायरस यांचा विचार करावा. जुन्या वाचकांना २००३ सालचा ऑगस्ट आठवत असेल. 'ब्लास्टर' नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने तेव्हा जगभरच्या विंडोज एक्सपी संगणकांवर धुमाकूळ घातला. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती दिसे आणि संगणक पुन्हा सुरू होई. पुष्कळांनी चांगले भाग बदलले, पण दोष विंडोजमधील एका उघड्या दाराचा होता. ते बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच प्रसिद्ध केली होती. ती ज्यांनी भरली नव्हती, ते सापडले.

आमचा संगणक दुसऱ्या टप्प्यावर अडत होता. तरीही विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून आम्ही सोप्या तपासण्या आधी केल्या. त्या प्रत्येकाला घरी करता येतात.

४. वीज, धूळ आणि उष्णता

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची मानली जाते. गावाकडे ती कधी बरीच खाली उतरते, तर परत येताना झटक्याने वर चढते. म्हणून संगणक यूपीएसवरून काढून थेट भिंतीतील चांगल्या सॉकेटला जोडून पाहावा. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की संगणकाचा भार वाढताच ती मान टाकते, आणि आपण संगणकाला दोष देतो. मागील जाड केबल घट्ट बसली आहे का, तेही पाहावे.

भिंतीतील विजेचे रूपांतर बारा, पाच व साडेतीनपेक्षा किंचित कमी व्होल्टमध्ये करणाऱ्या पेटीस एसएमपीएस म्हणतात. ती जुनी झाली की आरंभीचा भार तिला पेलवत नाही. तिच्या जागी कोणाची चांगली पेटी तात्पुरती जोडून पाहणे हाच उत्तम उपाय. ती पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतभार काही काळ उरतो. पेटीच्या पत्र्याला हात लावता झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

त्यानंतर प्लग काढून संगणकाची बाजूची झडप उघडावी. आपल्या भागातील उन्हाळ्याची धूळ आत कशी साचते हे पाहून आम्ही थक्क झालो. प्रोसेसरवरील पंखा दिसेनासा झाला होता. प्रोसेसरचे तापमान साधारणपणे शंभर अंशांच्या आसपास गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी सगळेच बंद करतो. मऊ कोरड्या ब्रशाने, पंख्याची पाती बोटाने धरून, धूळ काढावी. ओला कपडा वापरू नये. मदरबोर्डवर लहान पिंपांसारखे कपॅसिटर उभे असतात. त्यांचे माथे सपाट हवेत. ते फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर दोष तेथेच असण्याचा संभव मोठा. या शतकाच्या आरंभी जगभर अशा सदोष कपॅसिटरांमुळे असंख्य संगणक अकाली निकामी झाले.

प्रिंटर, पेनड्राइव्ह, मोडेम असे सर्व जोड काढून केवळ कीबोर्ड, माउस व पडदा ठेवून संगणक सुरू करावा. चालला तर एकेक जोड परत लावावा. एका वेळी एकच बदल, हा नियम येथे मोडू नये. दोन बदल एकदम केले आणि संगणक चालला, तर कोणत्या बदलाने चालला हे कधीच कळत नाही.

आमची धूळ निघाली, जोड निघाले, बिघाड तसाच राहिला.

५. स्मृतिपट्टी

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. तिची पट्टी खाचेत जराशी सैल झाली तरी संगणक बावचळतो. प्लग काढून, आधी पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी, तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसावी, कीस झटकावा आणि खिट्टी 'टक्' असा आवाज करीपर्यंत दाबून बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. विंडोजमध्ये स्मृती तपासणारे साधन असते, तेही चालवता येते. आमच्या दोन्ही पट्ट्या निर्दोष निघाल्या.

६. निळ्या पडद्यावरील मजकूर

आता तो क्षणभर चमकणारा निळा पडदा वाचायचा होता. विंडोज मोठ्या चुकीनंतर आपोआप पुन्हा सुरू होते, म्हणून तो वाचता येत नाही. आमच्या संगणकात विंडोज ७ होते. त्यात चिन्ह येण्यापूर्वी एफ-८ हे बटण दाबत राहिल्यास एक यादी येते. तीतून 'बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करू नये' या अर्थाचा पर्याय निवडावा. विंडोज १० व ११ मध्ये आरंभ दोन-तीनदा अर्धवट तुटला की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, मग प्रगत पर्याय, मग स्टार्टअप सेटिंग्ज असे जावे. तेथे ४ हा आकडा सेफ मोडचा आणि ९ हा आपोआप पुन्हा सुरू होणे थांबवण्याचा. काही नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी कुलूपबंद असते आणि अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागितली जाते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सहसा सापडते. नवा लॅपटॉप घेतल्यावरच ती कागदावर लिहून ठेवावी.

सेफ मोड म्हणजे किमान सामानानिशी विंडोज सुरू करणे. त्यात संगणक चालला तर तबकडी व मूळ यंत्र ठीक आहे, आणि नुकताच आलेला एखादा ड्रायव्हर वा प्रोग्राम दोषी आहे, असे समजावे. तो काढावा, किंवा सिस्टिम रिस्टोअरने आधीच्या तारखेला जावे. याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामची एक सदोष फाइल त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवू लागले होते आणि त्यांतील असंख्य पुनःपुन्हा सुरू होत राहिले. आपल्या देशात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय तोच होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. एवढ्या मोठ्या संकटातही मजकूर पुसण्याची गरज सहसा पडली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आमच्या संगणकात सेफ मोडही चालला नाही. परंतु निळा पडदा आता स्थिर झाला आणि सांकेतिक क्रमांक वाचता आला. त्याची शेवटची दोन चिन्हे '७' आणि 'बी' अशी होती. आम्ही ती फोनवर वाचून दाखवली. विद्यार्थी म्हणाला, "सर, याचा अर्थ विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, तिच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. एकतर डिस्क गेली, नाहीतर वाट चुकली."

७. प्रथम मजकूर वाचवला

दोन शक्यतांपैकी कोणती, हे ठरवण्याआधी मजकूर वाचवणे आवश्यक होते. विंडोज सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या असे नाही. घराच्या दाराचे कुलूप बिघडले म्हणून आतील सामान नष्ट होत नाही. आम्ही प्लग काढून तबकडी सोडवली. यूएसबीला जोडणारी एक केबल आणली आणि शाळेच्या संगणक कक्षातील एका संगणकाला ती लावली. दोन मिनिटांत सर्व फोल्डर पडद्यावर आले. सदतीसच्या सदतीस मुलाखती होत्या. भाकरी थापणाऱ्या मावशींची फाइल आम्ही उघडली. मागे तव्यावर उलथने आपटल्याचा आवाज येत होता आणि मावशी सांगत होत्या की पहिल्या वर्षी पीठ संपले की त्या स्वतःच्या घरून आणीत. आम्ही व शेजारी उभा असलेला शिपाई काही काळ काहीच बोललो नाही.

त्याच दिवशी दोन प्रती केल्या : एक शाळेत, एक बाहेरच्या सुट्या तबकडीवर. तबकडीतून 'टक-टक' असा आवाज येत असेल तर मात्र हे घरी करू नये. ती तशीच बंद करून मजकूर परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. तबकडीतील दोष सुधारणारी 'चेकडिस्क' ही आज्ञाही प्रत हाती आल्यावरच द्यावी, कारण आजारी तबकडीवर ती मोठा ताण आणते.

८. तारखेचा पुरावा

तबकडी धडधाकट होती. मग वाट का चुकली? आम्ही वही पुन्हा वाचली आणि एफ-२ च्या ओळीवर थांबलो. त्या दिवशी काळ्या पडद्यावर काय लिहिले होते? विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे तबकडी परत बसवून, सुरू करतेवेळी डिलीट बटण दाबून आम्ही संगणकाच्या मूळ मांडणीच्या पानावर गेलो. तेथील घड्याळ जानेवारी २०१० दाखवत होते.

जुने कागद वाचणाऱ्याची नजर आधी तारखेकडे जाते. पेशवे दफ्तरातील पत्रांवर शुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्याशिवाय इसवी सन मिळत नाही, आणि तारीख जुळली नाही तर पुढचा अर्थही जुळत नाही. येथे तारीख दहाबारा वर्षे मागे होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते. भिंतीतील वीज बंद असताना घड्याळ व मूळ मांडणी तीच जपते. आमची बॅटरी जुनी होऊन क्षीण झाली होती. एरवी भिंतीचे बटण चालू असल्याने ते लक्षात येत नसे. सुट्टीत दीड महिना वीज बंद राहिली आणि ती पूर्ण संपली. परतल्यावर संगणकाने काळ्या पडद्यावर तेच सांगितले होते : मांडणी हरवली आहे, एफ-१ दाबून ती तपासा, किंवा एफ-२ दाबून कारखान्यातील मांडणी घेऊन पुढे जा. आम्ही न वाचता एफ-२ दाबले. कारखान्याच्या मांडणीत तबकडीशी बोलण्याची रीत 'आयडीई' ही जुनी होती. आमचे विंडोज भरले गेले होते ते 'एएचसीआय' या नव्या रीतीवर. दोघांची भाषा जुळेना, म्हणून विंडोज तबकडीपर्यंत पोहोचत नव्हते.

प्लग काढून नवी बॅटरी बसवली. तिचा क्रमांक सीआर २०३२, किंमत शंभर रुपयांच्या आत. घड्याळ लावले, तबकडीची रीत 'एएचसीआय' केली, मांडणी जतन केली. संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. विंडोज उडाले नव्हते आणि फॉरमॅटची काडीमात्र गरज नव्हती.

त्या कारागिराला आम्ही नावे ठेवत नाही. दिवसाला दहा संगणक हाताळणाऱ्यास कारण शोधण्यास सवड नसते, आणि फॉरमॅटने पुष्कळदा काम भागते. परंतु आत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून 'थांबा' म्हणण्याची जबाबदारीही आपली.

९. वाचकांस विनंती

कोणत्याही घरात हा प्रसंग येऊ शकतो. लेकरांच्या गुणपत्रिका, जातवैधतेची कागदपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, आई-वडिलांची छायाचित्रे आज संगणकात किंवा मोबाईलमध्ये असतात. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत घराबाहेर असावी. वर्षातून एकदा, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, त्या उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत आहे असे मानता येत नाही.

संगणक दुरुस्तीस नेताना कागदावर लिहून द्यावे : "मजकुराची प्रत घेतल्याशिवाय काहीही पुसू नये." शक्य असेल तर तबकडी काढून घरीच ठेवावी.

आणि एक मागणे शाळेच्या वतीने. मुलाखतींचे काम अद्याप संपलेले नाही. ज्यांच्या घरी वसतिगृहाच्या जुन्या दिवसांची छायाचित्रे, पत्रे वा कोणाचे ध्वनिमुद्रण असेल त्यांनी त्याची प्रत शाळेकडे द्यावी. मूळ वस्तू आपल्याजवळच ठेवावी. मावशींचे बोलणे या स्मरणिकेत छापले आहे. त्यांचा आवाज ऐकावयाचा असेल त्यांनी संगणक कक्षात यावे. तो आता तीन ठिकाणी आहे.